ग कुठं आहे, ते ऐका

संध्याकाळची कामं आटपत आली असतील. कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी धारेला बसली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, आम्हाला फक्त तुमचे कान पाहिजेत. आजचा विषयच कानाचा आहे.

एरवी आम्ही या वेळेला कर्ज, हप्ता, शेळीपालन, उन्हाळी वाळवण असं बोलतो. आज पेटीबद्दल बोलणार आहोत. पेटी म्हणजे हार्मोनियम. आणि पेटीवर तीन सूर एकदम वाजले, तर ते कोणत्या जातीचे आहेत हे न बघता, नुसतं ऐकून कसं ओळखायचं, ते सांगणार आहोत. तीन सूर असे एकत्र वाजले की त्याला कॉर्ड म्हणतात. तुम्ही म्हणाल, ताई, हे आमच्या काय कामाचं? आम्हीही दोन वर्षांपूर्वी हेच म्हणालो असतो. पण ही गोष्ट शेवटपर्यंत ऐका.

आधी एक विचारतो. नळाखाली हंडा लावून तुम्ही घरात आलात. हंडा भरला हे तुम्हाला कसं कळतं? बघायला कुणी जात नाही. पाण्याचा आवाज ऐकूनच कळतं. हंडा रिकामा असतो तेव्हा आवाज खालचा, घुमल्यासारखा येतो. पाणी वर येईल तशी आतल्या हवेची जागा कमी होते आणि आवाज वर चढत जातो. चढत चढत एका जागी आला की आपण तव्यावरची भाकरी सोडून पळतो. माठ घेताना टिचकी मारून बघतो, तडा गेलेला माठ लगेच कळतो. कलिंगडावर थाप मारतो. म्हणजे कान आपला शिकलेलाच आहे, आपण त्याला शिकलेला म्हणत नाही एवढंच.

आता गोष्ट सांगतो.

आमच्या गावात महिलांचं भजनी मंडळ आहे. अठरा जणी आहोत. त्यातल्या बऱ्याच जणी आमच्याच गटांच्या सदस्य. पेटी वाजवायला गावातले एक काका यायचे. पेटीही त्यांचीच. ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि पेटी त्यांच्याबरोबर गेली. टाळ होते, पखवाज वाजवायला एक भाचा मिळाला, पण पेटी नाही. सूर धरायला कुणी नसलं की अठरा जणींचे अठरा सूर होतात.

गटाच्या बैठकीत विषय निघाला. जुनी पण चांगली पेटी नऊ हजाराला मिळत होती. अंतर्गत कर्जातून घ्यायची का? एक मावशी स्पष्ट बोलल्या, "पेटी काय शेळी हाय का? ना दूध देती, ना करडू." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गटाचा पैसा म्हणजे प्रत्येकीच्या पोटाला चिमटा काढून ठेवलेला पैसा. मग हिशेब मांडला. मंडळातल्या अठरा जणींनी महिना पन्नास रुपये काढायचे, म्हणजे ९०० रुपये मुद्दल. दहा महिन्यांत फिटतं. शेकडा एक रुपया व्याज, तेही उरलेल्या रकमेवर, म्हणजे सगळं मिळून ४९५ रुपये व्याज. हे व्याजाचे पैसे सप्ताहात मिळणाऱ्या बिदागीतून द्यायचे ठरलं. ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या-अंगठे झाले, पेटी आली.

वाजवणार कोण? आमच्यातल्या एक वहिनी माहेरी शाळेत असताना थोडी पेटी शिकल्या होत्या. त्यांनी वहीत स्वर लिहून घेतले आणि चाली बसवल्या. चाल सरळ वाजवता येऊ लागली. मग फोनवर कुठंतरी त्यांनी पाहिलं की सगळ्या जणी धृपद म्हणतात तेव्हा सा, ग आणि प अशा तीन पट्ट्या एकदम दाबून ठेवल्या की भरदार वाटतं. खरंच भरदार वाटत होतं. आम्ही खूश.

पहिला कार्यक्रम शेजारच्या गावच्या सप्ताहात होता. दोन भजनं छान झाली. तिसऱ्या भजनाला मात्र काहीतरी बिघडलं. चाल बरोबर, शब्द बरोबर, पण धृपद आलं आणि वहिनींनी त्या तीन पट्ट्या दाबल्या की सगळं खरखरीत व्हायचं. गाणाऱ्या दचकून पेटीकडे बघायच्या. वहिनी आणखी जोरात भाता मारायच्या. मांडवात हसू फुटलं. मागून एक आवाज आला, "बायकांनी टाळ वाजवावेत, पेटी कशाला?" वहिनींनी पेटी तिथंच मिटली आणि उरलेलं भजन आम्ही टाळावर संपवलं. परत येताना टेम्पोत कुणी कुणाशी बोललं नाही.

टेम्पोत आमच्यातल्या एक आक्का होत्या. वय साठीच्या पुढं. काचबिंदूनं त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली. उजेड-अंधार तेवढा कळतो. नजर गेल्यापासून त्या गटाच्या बैठकीला यायच्या थांबल्या होत्या, बचत नातवाच्या हातून पाठवायच्या. सप्ताहाला मात्र हट्टानं आल्या होत्या. अर्ध्या वाटेवर त्या बोलल्या, "गाण्यात ग खाली हाय, बायांनो. पेटीत वर हाय. दोघींचं भांडण लागलंय."

सगळ्या गप्प. कुणाला काही कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींनी पेटी उघडली, त्या भजनाची चाल वाजवून बघितली. खरंच. चालीत कोमल ग होता आणि हाताखाली शुद्ध ग. डोळे असलेल्या सतरा जणींना वही बघून जे कळलं नाही, ते आक्कांना ऐकून कळलं होतं.

आता हे शुद्ध आणि कोमल काय, ते सांगतो. (पेटीवर सा वाजवला.) हा सा. पांढरी एक म्हणतात त्या पट्टीवर धरलाय. इथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीनं मोजायच्या. सा सोडून पुढं तिसरी पट्टी म्हणजे कोमल ग, चौथी पट्टी शुद्ध ग, सातवी पट्टी प. सा कुठंही धरा, हे मोजमाप बदलत नाही. आमचं मंडळ काळी चार पट्टीत गातं, तिथंही तीन, चार आणि सात हेच अंतर.

आता ऐका. (सा, शुद्ध ग, प एकत्र.) यातले सा आणि प तसेच ठेवते, फक्त मधला ग एक पट्टी खाली आणते. (सा, कोमल ग, प एकत्र.) पुन्हा ऐका. (दोन्ही एकापाठोपाठ.) एक बोट एक पट्टी सरकलं, पण सगळा रंग पालटला. पहिल्याला मेजर कॉर्ड म्हणतात, दुसऱ्याला मायनर. आपल्या रागांतही हे दिसतं. भूप रागात सा, रे, ग, प, ध हे पाच सूर, सगळे शुद्ध. त्यातला एकटा ग कोमल केला की शिवरंजनी होतो. एका सुरानं राग बदलतो.

हे आम्हाला शिकवलं कुणी? तालुक्याच्या ठिकाणी एक सिस्टर नोकरीला होत्या, गोव्याकडच्या. त्यांच्या घरात गाणं होतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना सूर वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथूनच पुढं कितीतरी वादक मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागचा वाद्यमेळ त्यांनी उभा केला. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. संगीतकार प्यारेलाल हे गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' सिनेमातल्या गाण्यात त्यांचं नाव घेतलं, ते गुरूची आठवण म्हणून. आपल्या रागसंगीतात कॉर्ड नसते, तिथं तंबोऱ्याचा सा-प पुरतो. पण आपण जी सिनेमाची गाणी ऐकत मोठ्या झालो, त्यांच्या मागं हे तीन-तीन सुरांचे मेळ असतातच. म्हणजे हे परकं नाही, फक्त नाव माहीत नव्हतं.

सिस्टरांनी महिन्यातले दोन रविवार आमच्यासाठी दिले. त्यांनी पहिल्याच दिवशी परीक्षा घेतली. पेटीसमोर साडीचा पडदा धरला. पलीकडून वीस वेळा कॉर्ड वाजवली. मेजर की मायनर, एवढंच सांगायचं. आमचे वीसपैकी अकरा बरोबर आले. आम्ही टाळ्या वाजवल्या. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, उत्तरं दोनच आहेत. नाणं उडवलं असतं तरी दहा आले असते." म्हणजे आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं.

मग आमच्या चुका कुठं होत्या ते त्यांनी शोधलं. तुम्ही शिकाल तेव्हा तुमच्याही याच होतील, म्हणून सांगतो.

पहिली चूक, आम्ही मूड बघून सांगत होतो. आनंदी वाटलं की मेजर, उदास वाटलं की मायनर. पुस्तकातही असं लिहिलेलं असतं. पण सिस्टरांनी मेजर कॉर्ड अगदी खालच्या सप्तकात, हळू वाजवली. आम्ही सगळ्या एकसुरात म्हणालो, मायनर. वरच्या सप्तकात मायनर जोरात वाजवली, आम्ही म्हणालो मेजर. आवाज वरचा की खालचा, मोठा की बारीक, यावर आम्ही फसत होतो. आणि आपल्याकडं कोमल ग असलेल्या चालीवर माणसं आनंदानं नाचतातही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कसं वाटतंय ते बाजूला ठेवा. ग कुठं आहे, ते ऐका."

दुसरी चूक, आम्ही ऐकत होतो पण गात नव्हतो. कान आणि गळा ही जोडी आहे. जो सूर गळ्यातून काढून बघितला, तो कानालाही धरायला सोपा जातो. म्हणून रीत अशी. कॉर्ड वाजली की लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी तिच्यातला सा गुणगुणून शोधायचा. मग प. मग सा पासून प कडे जाताना मधे कुठं टेकायला होतं ते बघायचं. एक एक मणी ओघळावा तसे तीन सूर वेगळे करायचे. सुरुवातीला एका कॉर्डला आम्हाला दोन मिनिटं लागायची. लागू द्या.

तिसरी चूक, आम्ही एकाच सा वर पाठ करून ठेवलं होतं. पांढरी एकवर सगळं ओळखायला येऊ लागलं आणि आम्हाला वाटलं, जमलं. सिस्टरांनी सा उचलून काळी दोनवर नेला आणि आम्ही पुन्हा शून्यावर. म्हणून रोज सा बदलायचा.

चौथी गोष्ट ही चूक नव्हे, चकवा आहे. तेच तीन सूर, पण सा खाली न ठेवता वर नेऊन ठेवला. (ग, प, वरचा सा एकत्र.) घरातली तीच तीन माणसं, पण दार उघडायला आज दुसरंच कुणी आलं. आम्हाला ओळखूच येईना. त्यावर एक खूण आहे. अशा उलटवलेल्या कॉर्डमध्ये दोन सुरांमधलं एक अंतर मोठं असतं, पाच पट्ट्यांचं, म्हणजे प पासून वरच्या सा पर्यंतचं. ते मोठं अंतर कानानं पकडायचं. त्या अंतराचं वरचं टोक म्हणजे सा. मेजर असो वा मायनर, ही खूण चुकत नाही. सा सापडला की बाकीचं घर सापडतं.

आता सराव. आम्ही ठरवलं, गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, परतफेड झाली की शेवटची दहा मिनिटं कानाची. शिवाय रोज संध्याकाळी देवळात पेटी ठेवलेली असते, तिथं येईल तिनं दहा मिनिटं बसायचं. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं जास्त कामाची, हे बचतीसारखंच आहे. आणि वही ठेवली. तारीख, वीस प्रश्न, किती बरोबर. हिशेब लिहिल्याशिवाय आपण पुढं चाललोय की जागेवरच आहोत ते कळत नाही. आठव्या आठवड्याला सतरा आले. तेव्हा मात्र टाळ्या खऱ्या होत्या.

मग सिस्टरांनी आणखी प्रकार वाढवले. ऐका. (सा, कोमल ग, तीव्र म एकत्र.) यात प नाहीच. सा पासून तिसरी पट्टी आणि सहावी पट्टी. तीन-तीनचं अंतर. याला डिमिनिश्ड म्हणतात. आमच्या मावशी म्हणाल्या, "दारात कुणीतरी अडखळल्यासारखं वाटतंय." आम्ही तिचं नाव 'अडखळी' ठेवलं. आता ही. (सा, शुद्ध ग, कोमल ध एकत्र.) चार-चारचं अंतर. ही ऑगमेंटेड. दोरीवरचं लुगडं दोन्हीकडून ओढल्यासारखं. तिचं नाव 'ताणली'. हिच्यात गंमत अशी की अंतरं सारखी असल्यानं सूर खाली-वर केले तरी ती तशीच ऐकू येते, सा कुठला ते कानाला ठरवता येत नाही. आणि ही शेवटची. (सा, शुद्ध म, प एकत्र.) हिच्यात ग च्या जागी म बसलाय. ऐकताना वाटतं, आता खाली उतरेल. (म वरून शुद्ध ग वर.) उतरला. बरं वाटलं ना? हिचं नाव आम्ही 'वाट बघणारी' ठेवलं. नावं आपली आपण ठेवा. इंग्रजी नाव नंतर पाठ होतं, आधी ओळख व्हायला पाहिजे.

पाच प्रकार झाल्यावर वीसपैकी आमचे नऊ आले. काही जणी हिरमुसल्या. पण आता आम्हाला हिशेब कळत होता. पाच उत्तरांतून नुसत्या अंदाजानं चारच आले असते. नऊ म्हणजे कान काम करत होता.

आणि आक्का? आक्का पहिल्या रविवारपासून येत होत्या. सून हात धरून आणून बसवायची. आम्ही वहीत बघायचो, पट्ट्या बघायचो, एकमेकींच्या तोंडाकडं बघायचो. आक्कांना यातलं काही नव्हतं. त्या नुसत्या ऐकायच्या. त्यांचे वीसपैकी एकोणीस, कधी वीस. एकदा त्यांनी सिस्टरांनाच विचारलं, "पेटीचा ग जरा टोचतो. तंबोऱ्याचा टोचत नाही. असं का?" सिस्टर थक्क झाल्या. कारण ते खरं आहे. तंबोऱ्याची सा ची तार छेडली की तिच्यातून आपोआप एक बारीक गंधार ऐकू येतो. पेटीतला शुद्ध ग त्याहून किंचित चढा असतो, कारण पेटीत बाराही सुरांची अंतरं समान वाटून टाकलेली असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता येतं. सगळ्यांची सोय होते, पण ग ला थोडं सोसावं लागतं.

याच कारणावरून पेटीवर मोठा वाद झालेला आहे. पेटी मूळची युरोपातली. एकोणिसाव्या शतकात ती इकडं आली. तिकडं ती पायानं हवा भरून वाजवत. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची पेटी बनवली, म्हणून मांडी घालून वाजवता येऊ लागली. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी तिला घराघरात नेलं. 'मानापमान' नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीवादक म्हणूनही गाजले. पण पेटीचे सूर आपल्या गाण्याला तंतोतंत बसत नाहीत, तिच्यावर मींड घेता येत नाही, असे आक्षेप होते. १९४० साली आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली. ती बंदी १९७१ पर्यंत होती. तीस वर्षं जाणकारांनी ज्यावर वाद घातला, ती गोष्ट आमच्या आक्कांना देवळाच्या ओसरीत बसून कानानं कळली. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी आम्हाला स्वतःची लाज वाटली, हेही सांगायला पाहिजे. आक्का बैठकीला का येत नव्हत्या? आम्ही म्हणायचो, नजर नाही, येऊन काय करणार. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही वही एकमेकींना दाखवता. मला कोण सांगतं, माझी बचत किती, कुणी किती कर्ज घेतलं? अंगठा कशावर उठवला तेबी मला माहीत नसायचं." मैत्रिणींनो, आम्ही पंचसूत्री पाळतो, दप्तर चोख ठेवतो, तपासणीला आमचा गट पुढं असतो. आणि आमच्याच एका सदस्येला तिच्याच पैशाचा हिशेब आम्ही दोन वर्षं ऐकवला नव्हता. तेव्हापासून आमच्या गटात प्रत्येक बैठकीला सगळं दप्तर मोठ्यानं वाचतात. प्रत्येकीचं नाव, बचत, कर्ज, शिल्लक. आक्का बोटांवर बेरीज करतात. तिसऱ्याच महिन्यात त्यांनी शंभर रुपयांची चूक काढली. आमची. आणि गंमत म्हणजे, ज्यांना वाचता येत नाही अशा आणखी तिघी जणी आता हिशेबाला प्रश्न विचारतात. त्याही इतके दिवस गप्पच होत्या.

आक्का आता पेटी वाजवतात. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या जुडग्यात उंच असतात, त्या चाचपून हात लगेच जागेवर येतो. वहिनी चाल वाजवायला बसतात तेव्हा आक्का शेजारी बसून सांगतात, "हितं ग खाली घे." कधी वहिनी टाळ घेतात आणि आक्का पेटीवर. गेल्या कार्तिकात काकड्याला पहाटे पाच वाजता आक्कांनी पेटी धरली. अंधारच होता. दिवे नुकते लावत होते. आक्का म्हणाल्या, "आज सगळ्या सारख्याच." आणि हसल्या.

त्या शेजारच्या गावाला आम्ही यंदा पुन्हा गेलो. तेच तिसरं भजन घेतलं. मुद्दाम घेतलं. धृपदाला आक्कांनी सा, कोमल ग, प धरला. मांडवात कुणी हसलं नाही. कुणी वाहवाही केली नाही, खरं सांगतो. लोक नुसते गाऊ लागले. आम्हाला तेवढं पुरलं. बिदागी मिळाली, त्यातून पेटीच्या व्याजाचे राहिलेले पैसे गटात भरले. पेटीला शेळी म्हणाव्या का नाही, असं विचारणाऱ्या मावशींनीच पावती लिहून घेतली.

एक महत्त्वाचं, विषयाच्या थोडं बाहेरचं. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. पण वेळेत कळलं तर औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं उरलेली नजर सांभाळता येते. तो बहुतेकदा दुखत नाही, म्हणून कळत नाही. चाळिशी झाली असेल किंवा घरात कुणाला असेल, तर डोळ्यांचा दाब तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे दाब तपासला असं नाही. डॉक्टरांना तसं सांगून तपासायला लावा.

आता शेवटी, तुमच्या गटात हे करून बघायचं असेल तर पेटी लागतच नाही. तीन जणी पुरतात. एकीनं सा धरायचा, आपल्या गळ्याला सोपा पडेल तो. दुसरीनं प धरायचा. दोघी आ-कारात लांबवत राहा. सा आणि प नीट जुळले की एकच मोठा आवाज झाल्यासारखं वाटतं. मग तिसरीनं मधे ग लावायचा. आधी शुद्ध. थोडा वेळ थांबा. मग सा-प वाल्यांनी हलायचं नाही, तिसरीनं ग अलगद खाली आणायचा. बाकीच्यांनी डोळे मिटून बसायचं आणि ग खाली आला त्या क्षणी हात वर करायचा. मग जागा बदला. प्रत्येकीला मधली होऊ द्या. पहिल्या दिवशी हसू येईल, सूर सुटतील, कुणाचा ग कुठंही जाईल. दुसऱ्या दिवशी कमी. दहा मिनिटं, रोज.

आणि डोळे मिटून बसलेल्या बायांत सगळ्यात आधी हात कुणाचा वर जातो, ते बघून ठेवा. कदाचित ती बाई तुमच्या बैठकीत कोपऱ्यात बसत असेल, कधी बोलत नसेल. तिला पुढं बसवा.

आम्ही आता निघतो. (सा, शुद्ध ग, प. मग सा, कोमल ग, प.) यातली शेवटची कुठली होती? उत्तर पुढच्या वेळी आम्हाला सांगा. तोवर नमस्कार.